उसिक आणि नऊ महारथी : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आज वही उघडली. वाद मात्र १९ जुलैपासूनच पेटलेला आहे. त्या रात्री वेम्बलीत बॉक्सर ओलेक्सांद्र उसिकनं डॅनियल डुब्वाला पाचव्या फेरीत दोनदा खाली पाडलं आणि हेवीवेटच्या विजेतेपदाचे चारही पट्टे पुन्हा एकत्र केले. वय ३८, लढती २४, विजय २४, त्यातले १५ नॉकआउट. त्याआधी क्रूझरवेटमध्येही (हेवीवेटच्या खालचा, २०० पौंडांपर्यंतचा गट) त्यानं सगळे पट्टे गोळा केले होते, २०१८ साली मॉस्कोत मुरात गासियेव्हला हरवून.

भावाचं म्हणणं, "ताई, आजच्या लोकांत तो मोठा आहे, कबूल. पण टायसनसमोर? अलीसमोर? फोरमनचा एक ठोसा बसला की संपलं." माझ्या बॉक्सिंगच्या सरांचं म्हणणं बरोबर उलटं : साठच्या दशकाआधीचा एकही चॅम्पियन त्याच्यासमोर बारा फेऱ्या उभा राहणार नाही. दोघंही ठाम, आणि दोघांकडेही 'मला वाटतं' याच्यापलीकडे काही नाही. मी स्वतः डावखुरी, अकरा वर्षं डाव्या पवित्र्यात लढले. उसिकची लढत बघताना माझे पाय खुर्चीखाली हलतात. त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच लिहून ठेवते.

ठरलं ते असं. नऊ जुने हेवीवेट चॅम्पियन घ्यायचे : जो लुईस, मार्सियानो, अली, फ्रेझर, फोरमन, होम्स, टायसन, होलीफिल्ड, लेनक्स लुईस. प्रत्येकाची एक फाईल. क्रमवारी लावायची नाही. आणि प्रत्येक फाईलमध्ये निकालाच्या आधी साक्षीदार हवेत, म्हणजे खरोखर झालेल्या लढती. या नऊ जणांपैकी कुणाला उसिकसारखा प्रश्न कधी पडला होता? उसिकला त्यांच्यासारखा प्रश्न कुणी घातला होता? अशी लढत सापडत नसेल तिथे मत द्यायचं, पण पेन्सिलनं.

५ ऑगस्ट

पहिला पेच : कुठला उसिक? लंडन ऑलिम्पिकचं सुवर्ण घेणारा २०१२ चा? २०१८ चा, २०० पौंडांच्या मर्यादेत बसणारा? आम्ही १८ मे २०२४ ची रात्र घेतली, रियाधची, टायसन फ्युरीविरुद्धची पहिली लढत. वजन २२३ पौंड. (पौंडाचे अपूर्णांक सगळीकडे सोडून देते आहे.)

मग इतरांचीही एकेक रात्र निवडली. जो लुईसची २२ जून १९३८, श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं ती. मार्सियानोची २३ सप्टेंबर १९५२, वॉलकॉटविरुद्ध. अलीची १४ नोव्हेंबर १९६६, क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्ध, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. फ्रेझरची ८ मार्च १९७१. फोरमनची २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन. होम्सची ९ जून १९७८, नॉर्टनविरुद्ध. टायसनची २७ जून १९८८. होलीफिल्डची २५ ऑक्टोबर १९९०. लेनक्सची नोव्हेंबर २००१ ची, रहमानचा हिशेब चुकता केला ती.

संध्याकाळी वजनांचा तक्ता मांडला आणि तिघंही गप्प झालो. मार्सियानो १८४. जो लुईस १९८ च्या आसपास. फ्रेझर २०५, होलीफिल्ड २०८, होम्स २०९, अली २१२, फोरमन २१७, टायसन २१८. लेनक्स तेवढा २४६.

म्हणजे नऊपैकी आठ जण त्या रात्री उसिकपेक्षा हलके होते! आपण त्याला 'लहानखुरा' म्हणतो कारण त्याच्याशेजारी २६२ पौंडांचा, सहा फूट नऊ इंचांचा फ्युरी उभा असतो. फोरमनशेजारी उभा केला तर तो सहा पौंडांनी जड निघतो. भाऊ बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिला. फोरमन त्याच्या मनात डोंगराएवढा होता. तो डोंगर १९९४ चा होता, २५० पौंडांचा. १९७३ चा फोरमन आजच्या मापानं सडपातळ म्हणावा असा.

भावानं घेतलेली हरकत मात्र बिनतोड आहे : आजचा आहार, आजचा व्यायाम अलीला दिला असता तर तोही २३० चा झाला असता. बरोबर. उसिकनंही २०० वरून २२३ पर्यंतचं शरीर सहा वर्षांत कमावलं आहे. पण एकदा तसं बदलायला लागलो की आपण खऱ्या माणसाविषयी बोलतच नाही. निर्णय : ज्याची जी रात्र, त्याचं तेच शरीर.

९ ऑगस्ट

भावाला संगणकावर लढती लावायच्या आहेत. वेग, ताकद, दम, हनुवटी (म्हणजे ठोसा सोसायची ताकद), प्रत्येकाला शंभरपैकी गुण द्यायचे आणि दहा हजार वेळा लढवायचं.

मी त्याला १९६७ ची गोष्ट सांगितली. मरी वोरोनर नावाच्या अमेरिकन रेडिओ निर्मात्यानं हेच केलं होतं. सोळा हेवीवेट चॅम्पियन, एनसीआर ३१५ संगणक, आणि त्यातून निघालेल्या लढतींचं रेडिओवर प्रत्यक्ष असल्यासारखं वर्णन. अंतिम लढतीत मार्सियानोनं डेम्प्सीला हरवलं. अली त्याआधीच जिम जेफ्रीजकडून हरला, आणि तो इतका संतापला की त्यानं दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. त्या तडजोडीतून १९६९ मध्ये अली आणि मार्सियानो खरोखर एका रिंगणात आले. कॅमेऱ्यासाठी एकेका मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या खेळले. निवृत्त मार्सियानोनं त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. चित्रीकरण संपल्यावर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्टला, तो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत लोकांनी जे पाहिलं त्यात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकतो. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकतो.

भाऊ म्हणाला, "मग चूक संगणकाची नाही, लोकांनी शेवट बदलला." हेही खरं आहे. पण माझा आक्षेप शेवटाच्या आधीचा आहे. अलीच्या 'हनुवटीला' ९५ द्यायचे की ९०, हे कोण ठरवणार? आपणच. मग दहा हजार लढतींत आपलंच मत दहा हजार वेळा ऐकू येणार. आणि अशा गुणांच्या तक्त्यात डावा पवित्रा कुठल्या रकान्यात बसतो? अलीला सतावणारा डावखुरा मिल्डेनबर्गर कुठे बसतो?

संगणक रद्द. भाऊ नाराज आहे, पण फ्रेझरची फाईल त्यानं स्वतःहून मागून घेतली.

१० ऑगस्ट

फेऱ्या किती? हा प्रश्न किरकोळ समजून काल पाच मिनिटांत उरकणार होतो, तो आज दुपारभर पुरला.

पंधरा फेऱ्यांच्या विजेतेपदाच्या लढती ऐंशीच्या दशकात बारावर आल्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये मॅन्सिनीशी लढल्यानंतर बॉक्सर डुक कू किमचा मृत्यू झाला. डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेनं पुढच्याच वर्षी बदल केला, बाकीच्या संघटना काही वर्षांनी मागोमाग आल्या. उसिक बाराच्या पुढे कधीच लढलेला नाही.

आता बघा. मार्सियानोनं वॉलकॉटला पाडलं ते तेराव्या फेरीत, तिन्ही गुणपत्रकांवर मागे असताना. जो लुईसनं बिली कॉनला गाठलं तेही तेराव्यात. फ्रेझरनं अलीला पाठीवर झोपवलं ते पंधराव्यात. बारा फेऱ्यांचा नियम लावला तर १९५२ च्या रात्री मार्सियानो चॅम्पियनच होत नाही. कॉन लुईसला हरवून घरी जातो. ज्या क्षणांवर ही माणसं 'महान' ठरली, ते क्षण आजच्या नियमात घडलेच नसते.

सर म्हणाले, "दोन रकाने कर. बारा आणि पंधरा." तसंच केलं. पण पंधराच्या रकान्यात उसिकबद्दल लिहिताना हात अडखळतो. फ्युरीविरुद्धच्या दोन्ही लढती, अँथनी जोशुआविरुद्धची दुसरी लढत बघितली की शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत तो वाढताना दिसतो, थकताना नाही. तेराव्यात काय झालं असतं याचा साक्षीदार म्हणजे त्याची बारावी फेरी. त्याहून जवळचं काही नाही.

१४ ऑगस्ट

डावखुरेपण. आजची नोंद लांबणार, कारण माझ्या मते अर्धा प्रकल्प इथेच आहे.

उजव्या पवित्र्याचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवतो, डावखुरा उजवा. समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकाच जागेसाठी भांडतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. पुढचे हात एकमेकांवर आपटतात, त्यामुळे आयुष्यभर घोटवलेला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, अचानक परका वाटायला लागतो. उसिकचा सगळा खेळ या एका पावलाभोवती उभा आहे. पाय बाहेर, उजव्या हातानं समोरच्याचा हात दाबून धरायचा, डावा सरळ पोटात, पुढच्या वेळी तोच डोक्यात. समोरचा वळेपर्यंत हा तिथून गेलेला.

या नऊ जणांच्या काळात हेवीवेटमध्ये असे लोक जवळपास नव्हतेच. हेवीवेट विजेतेपदासाठी लढणारा पहिला डावखुरा कार्ल मिल्डेनबर्गर. साल १९६६, ठिकाण फ्रँकफर्ट, समोर अली. आणि जिंकणारा पहिला डावखुरा मायकल मूरर, १९९४ मध्ये! म्हणजे शंभरेक वर्षांच्या इतिहासात असा चॅम्पियनच झाला नव्हता. जो लुईस किंवा मार्सियानो यांना उसिक अवघड जाईल असं मी म्हणते ते त्यांना कमी लेखण्यासाठी नाही. तो प्रश्न त्यांच्या पुस्तकातच नव्हता.

मिल्डेनबर्गरची लढत आज दोनदा पाहिली. अलीनं त्याला तीनदा पाडलं आणि बाराव्या फेरीत रेफरीनं लढत थांबवली, निकाल स्वच्छ आहे. पण पहिल्या काही फेऱ्या बघाव्यात. अलीची लय नेहमीसारखी नाही. जॅब सुटतो आणि मध्येच अडतो. मिल्डेनबर्गरचा डावा अलीच्या अंगापर्यंत पोचतो. दोन महिन्यांनी विल्यम्ससमोर जो अली तरंगत होता, तो इथे पाय कुठे ठेवावा याचा विचार करताना दिसतो. आणि मिल्डेनबर्गर उसिक नव्हता.

मूररची साक्ष दोन्ही बाजूंनी आहे. एप्रिल १९९४ मध्ये त्यानं होलीफिल्डला गुणांवर हरवलं, दुसऱ्या फेरीत स्वतः खाली पडूनसुद्धा. तीन वर्षांनी होलीफिल्डनं त्याच मूररला पाच वेळा पाडलं. एकदा प्रश्न कळला की उत्तर शोधता येतं. फक्त आमच्या नियमात प्रत्येकाला एकच रात्र आहे, आणि पहिल्या भेटीत फायदा डावखुऱ्याचा.

सरांनी समासात लिहिलं : 'उजवा सरळ विसरू नकोस.' त्यावर नंतर.

२० ऑगस्ट

जो लुईसची फाईल. इथे माझी चूक झाली, ती तशीच नोंदवते.

मी लिहिलं होतं : श्मेलिंगनं १९३६ मध्ये लुईसला बाराव्या फेरीत पाडलं, कारण जॅब मारल्यावर लुईसचा डावा हात खाली राहायचा हे त्यानं हेरलं होतं. उसिकही तेच हेरेल आणि तेच करेल.

सरांनी लाल रेघ मारली. श्मेलिंगचं हत्यार उजवा सरळ होतं, मागच्या हाताचं, पूर्ण अंगाचं वजन घेऊन त्या खाली आलेल्या डाव्याच्या वरून जाणारं. उसिकचा उजवा पुढचा हात आहे. त्याच फटीतून तो आत जाईल, पण हुक म्हणून, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, निम्म्या वजनानं. त्याचा जड हात डावा, आणि त्याची वाट मधून जाते. दार तेच, आत येणारा वेगळा. डावखुरी असून मला हे दिसलं नाही याचं वाईट वाटलं. दिसलं नाही कारण मला तो निकाल हवा होता.

फाईल नव्यानं लिहिली. मुख्य साक्षीदार आता बिली कॉन, जून १९४१. हलक्या हेवीवेटचा माणूस, अधिकृत वजन १७४, लुईस १९९. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा दोन गुणपत्रकांवर कॉन पुढे होता आणि तिसऱ्यावर बरोबरी. पाय हलते ठेवून, आत येऊन, मारून, निघून जाऊन त्यानं लुईसला दमवलं. मग तेराव्यात त्याला नॉकआउटचा मोह झाला, तो समोर उभा राहून भिडला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना संपला.

उसिक कॉनपेक्षा पन्नास पौंडांनी जड, आणि असा मोह त्याला होताना मी पाहिलेला नाही. फ्युरी नवव्या फेरीत दोरांवर लटकत होता तेव्हाही तो रांगेनं, मोजून मारत होता. निकाल, पेननं : उसिक, गुणांवर. पण लुईसच्या छोट्या, सहा इंचांच्या ठोशांइतकी स्वच्छ गोष्ट या नऊ जणांत दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि एवढा सफाईनं मारणारा उसिकला कधी भेटलेला नाही, हेही त्याच पानावर आहे.

२३ ऑगस्ट

मार्सियानो. ४९ पैकी ४९, त्यातले ४३ नॉकआउट. भाऊ हे आकडे मंत्रासारखे म्हणतो. पण वजनात ३९ पौंडांचं अंतर आणि हातांच्या पल्ल्यात जवळपास दहा इंचांचं. आज तो क्रूझरवेटमध्ये लढला असता, आणि त्या वजनाचा राजाही उसिकच होता. अडतीस वर्षांच्या वॉलकॉटनं त्याला पहिल्याच फेरीत पाडलं होतं. त्याच्या जिद्दीपुढे मी हात जोडते. निकाल उसिक. याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

३० ऑगस्ट

फोरमन. या वर्षी मार्चमध्ये तो गेला, त्यामुळे किंग्स्टनची लढत लावताना तिघंही जरा जपून बोलत होतो. फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. फ्रेझरसारख्याला. तो ठोसा बघताना आजही पोटात खड्डा पडतो.

साक्षीदार तीन. १९७४ किन्शासा, अलीसमोर : आठव्या फेरीत दम संपलेला फोरमन. १९७७ सान हुआन : जिमी यंगनं बारा फेऱ्यांत गुणांवर हरवलं, शेवटच्या फेरीत खालीही पाडलं. आणि तिसरा नोव्हेंबर १९९४, मूरर. हा सगळ्यांत महत्त्वाचा. मूरर २२२ पौंडांचा डावखुरा, हातांचा पल्ला ७८ इंच, म्हणजे मापं जवळजवळ उसिकचीच. फोरमन ४५ वर्षांचा. नऊ फेऱ्या मूरर तिन्ही गुणपत्रकांवर पुढे. दहाव्यात एक डावा, मागोमाग उजवा सरळ, आणि मूरर पाठीवर.

भाऊ उठून उभाच राहिला : "बघ ताई! म्हाताऱ्या फोरमननं केलं, तर तरुणानं काय केलं असतं?"

मी ती फेरी चार वेळा लावली. मूरर फोरमनच्या अगदी समोर उभा आहे, पाय जमिनीत रोवलेले, डोकं एकाच रेषेत. नऊ फेऱ्या काही झालं नाही म्हणून तो निर्धास्त झाला होता. उसिक मारल्यानंतर त्याच जागी थांबत नाही. पण शिक्षा कशी होते हे मूररनं दाखवून दिलं आहे : डावखुऱ्यावरचं औषध उजवा सरळ, आणि फोरमनला ते ठाऊक होतं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत उसिकच्या पायांकडून एक चूक झाली तर बाकी काही बघायची गरज नाही. त्यापुढे गेली तर उसिक, आठव्या ते दहाव्यादरम्यान, थांबवून. साठ-चाळीस. भावाला हे मान्य नाही. त्याचं मत फाईलला जोडलं आहे.

७ सप्टेंबर

फ्रेझर. भावानं पूर्ण फाईल लिहून आणली, आणि चांगली लिहिली आहे. त्याचा मुद्दा : फ्रेझरचं सगळं सामर्थ्य डाव्या हुकमध्ये, आणि डावखुऱ्यासमोर डावा हुक निम्मा वाया जातो, कारण डावखुऱ्याचा पुढचा उजवा खांदा आणि हात वाटेत येतात. शिवाय फ्रेझरचा पल्ला ७३ इंच, उसिकचा ७८. म्हणून उसिक, सहज.

डोक्यासाठी हे बरोबर आहे. पण पोटाचं काय? यकृत उजव्या बाजूला असतं. उजव्या पवित्र्यात ती बाजू मागे, कोपराआड राहते. डावखुऱ्याची तीच बाजू पुढे येते, समोरच्याच्या डाव्या हुकला अगदी जवळ. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पहिल्या वर्षी सरावात तिथे एक हुक बसला होता. डोकं शाबूत, डोळ्यांना सगळं दिसतंय, आणि पाय मात्र ऐकत नाहीत. पुढचा श्वास कुठून आणायचा ते कळत नव्हतं.

आणि उसिकच्या बाबतीत हे नुसतं गृहीतक नाही. फ्युरीनं पहिल्या लढतीच्या मधल्या फेऱ्यांत अंगावर मारत त्याला मागे ढकललं. जोशुआनंही २०२२ च्या जेद्दातल्या लढतीत अंगावर मारायला सुरुवात केली तेव्हाच ती लढत अटीतटीची झाली, एका जजनं तर ती जोशुआला दिली. २०२३ मध्ये व्रोत्स्वाफला डुब्वाचा पाचव्या फेरीतला ठोसा कमरेच्या पट्ट्याखाली होता की पट्ट्यावर, हा वाद अजून संपलेला नाही. रेफरीनं तो खालचा ठरवला. पण उसिक त्यानंतर बराच वेळ खाली होता, हे कुणी नाकारत नाही.

फ्रेझर जॅबच्या खालून वाकून आत यायचा आणि आल्यावर पहिल्यांदा अंगावर मारायचा. पंधरा फेऱ्या, न थांबता. ८ मार्च १९७१ चा फ्रेझर उसिकला फोरमनपेक्षा जड जाईल असं माझं ठाम मत झालं आहे. 'फोरमननं फ्रेझरला चेंडूसारखं उडवलं, म्हणून फ्रेझर कमी' हा हिशेब इथे चालत नाही. फोरमन अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, घेऊन वाट बघत होता. उसिकचं ते हत्यार नाही.

बारा फेऱ्यांत उसिक, निसटता. पंधरा फेऱ्यांत फ्रेझर. भाऊ म्हणाला, "ताई, तू माझ्याच माणसाला जिंकवलंस आणि मी तुझ्या!" वहीत एवढं मोकळं हसू पहिल्यांदाच आलं.

१३ सप्टेंबर

होलीफिल्ड आणि होम्स एकाच बैठकीत. होलीफिल्ड हा उसिकचा खरा पूर्वज : १९८८ मध्ये क्रूझरवेटचे सगळे पट्टे, १९९० मध्ये हेवीवेटचे. तो भिडायला नाही म्हणत नसे आणि इथेच तो उसिकच्या हातात सापडेल. मूररची पहिली लढत साक्षीला आहेच. उसिक, गुणांवर.

होम्सचा जॅब इतिहासातला सर्वोत्तम असं सर मानतात, पण डावखुऱ्यासमोर जॅबच पहिला जखमी होतो. १९८५ मध्ये खालच्या वजनातून वर आलेल्या मायकल स्पिंक्सनं वेडीवाकडी पावलं टाकत त्याला हरवलं आणि मार्सियानोच्या ४९ च्या एक पाऊल अलीकडे थांबवलं. तो होम्स ३५ वर्षांचा होता, आमचा १९७८ चा. म्हणून साक्ष अर्धीच धरली. नॉर्टनविरुद्धची पंधरावी फेरी पाहिल्यावर मी होम्सच्या नावापुढे पंधराच्या रकान्यात उसिक लिहू शकले नाही. बारात उसिक, पंधरात बरोबरी.

२१ सप्टेंबर

टायसन. १९८८ चा, ९१ सेकंदांत स्पिंक्सला संपवणारा.

या फाईलमध्ये साक्षीदार कमी पडतात. टायसनसारखं आत येणारं कुणी उसिकला भेटलेलंच नाही. सर्वांत जवळचा डेरेक चिसोरा, ऑक्टोबर २०२०, २५५ पौंड. त्यानं पहिल्या काही फेऱ्या नुसत्या रेट्यानं घेतल्या, आणि उसिक अस्वस्थ दिसला. चिसोराच्या जागी तिप्पट वेगाचे हात ठेवून पाहा. दुसऱ्या बाजूला टोकियो, १९९० : डग्लसनं लांब जॅब आणि हलत्या पायांनी दहाव्या फेरीत टायसनला पाडलं. पण तो दोन वर्षांनंतरचा टायसन.

सहाव्या फेरीपर्यंत संपली तर टायसन, पुढे गेली तर उसिक. एकच नाव लिहा असा भावाचा आग्रह आहे. मी पेन्सिलनं टायसन लिहिलं. कारण एकच : पहिल्या भेटीचा फायदा इथे टायसनलाही तेवढाच आहे.

२८ सप्टेंबर

लेनक्स. उंची सहा फूट पाच, पल्ला ८४ इंच. मोठ्या माणसांबद्दल मात्र भरपूर पुरावा आहे, कारण उसिक गेली चार वर्षं मोठ्यांशीच लढतो आहे. जोशुआ दोनदा, फ्युरी दोनदा, डुब्वा दोनदा. सहाही लढती जिंकल्या. पहिली फ्युरी लढत किती बारीक होती हे मात्र लोक विसरतात : ११५-११२ आणि ११४-११३ उसिक, ११४-११३ फ्युरी. नवव्या फेरीत रेफरीनं काउंट दिला, त्याचा तो एक जादा गुण नसता तर लढत बरोबरीत सुटली असती. डिसेंबरातल्या दुसऱ्या लढतीत तिन्ही जजनी ११६-११२ दिले.

फ्युरी लांबीची साक्ष देतो, लेनक्सच्या उजव्या हाताची देत नाही. २००१ मध्ये रहमान चौथ्या फेरीत ज्या उजव्यावर पडला, तसा ठोसा फ्युरी मारत नाही. लेनक्स स्वतःही दोनदा एकेका ठोशावर गेला, १९९४ मध्ये मॅकॉलकडून आणि २००१ मध्ये रहमानकडून, पण दोघांनाही परत गाठून हरवलं. उसिकचा हात तेवढा जड नाही. प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड कोपऱ्यात असलेला, तयारीनं उतरलेला लेनक्स मी निवडेन. सर म्हणतात उसिक. दोन्ही नावं लिहिली.

५ ऑक्टोबर

अली शेवटी ठेवला होता. उंची सहा तीन, पल्ला ७८ इंच. उसिकची मापं इंचाला इंच तीच. अली २४ वर्षांचा, उसिक ३७.

मी फाईल आधीच लिहून आणली होती : उसिक, गुणांवर, ११५-११३. आधार मिल्डेनबर्गरचा. अली मागे झुकून डोकं वाचवतो, हात खाली ठेवतो. पाय बाहेर टाकणाऱ्या डावखुऱ्यासमोर मागे झुकणं म्हणजे त्याच्या डाव्या सरळला लांबी मोजून देणं. जॅब अडलेला. पोट उघडं.

सरांनी वाचली, काही बोलले नाहीत. "ग्लोव्ह्ज चढव," एवढंच म्हणाले. मला रिंगणात डाव्या पवित्र्यात उभं केलं आणि भावाला समोर. भावाला म्हणाले, "जॅब मारूच नकोस. थेट उजवा टाक आणि तिच्या उजवीकडे निघून जा."

पहिल्या दोनदा मी तो पाहिला. तिसऱ्यांदा मी पाय बाहेर टाकायला गेले आणि पाय हवेत असतानाच उजवा कपाळावर आला. त्यानंतर दर वेळी. मी ज्या क्षणी बाहेर पाऊल टाकते, त्याच क्षणी माझं डोकं त्या ठोशाच्या वाटेत जातं. थांबले तर माझा डावा पोचत नाही. भावाचा वेग अलीच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी मला वाट सापडेना.

"किन्शासात पहिल्या फेरीत काय मारत होता तो?" सरांनी विचारलं.

उजवा सरळ. जॅबशिवाय, थेट. फोरमन डावखुरा नसताना. व्यावसायिक बॉक्सरविरुद्ध असा ठोसा टाकणं हा वेडेपणा समजला जातो, कारण तो लांबून येतो आणि दिसतो. अलीचा दिसत नसे. डावखुऱ्यावरचं औषध त्याच्या खिशात आधीपासून होतं. मिल्डेनबर्गरसमोर ते बाहेर काढायला त्याला काही फेऱ्या लागल्या, एवढंच मी पाहिलं होतं, आणि पाहायचं थांबले होते.

घरी येऊन ती लढत पुन्हा लावली, या वेळी फक्त अलीचा उजवा हात बघायचा म्हणून. सरांची १४ ऑगस्टची समासातली ओळ वहीत समोरच उघडी होती.

११५-११३ तसेच ठेवले, नाव बदललं. पेननं. पंधराचा रकाना भाऊ भरणार आहे, त्यानं तो उद्यापर्यंत मागितला आहे.